अण्णांच्या घड्याळाचा सेल

दसरा झाला की आमच्या घरातले सारे सामान अंगणात येते आणि दरवर्षी त्यातून काही ना काही विसरलेले बाहेर पडते. एका वर्षी माझ्या मुंजीतली चांदीची वाटी सापडली. एका वर्षी अण्णांनी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलेली 1984 सालापासूनची विजेची बिले सापडली. 2024 साली, दिवाळीआधी, सापडले ते खुद्द अण्णांचे घड्याळ. पांढऱ्या रुमालात गुंडाळलेले, त्यावर आईच्या हातची गाठ, आणि आत चार वाजून वीस मिनिटांवर थांबलेले काटे.

अण्णा म्हणजे माझे वडील. अंबड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी सारी नोकरी काढली. 2003 साली निवृत्त झाले, 2016 साली गेले. घड्याळ रॅडो कंपनीचे, सेलवर चालणारे. 1989 साली काकांनी मस्कतहून आणलेले. त्या काळी आखातात गेलेल्या माणसाने येताना टेपरेकॉर्डर आणि रॅडो या दोन वस्तू आणल्या नाहीत तर तो खरोखर तिकडे गेला होता की मुंबईतच कुठे राहून आला, अशी शंका घेण्याचा प्रघात होता. जिल्हा परिषदेच्या मास्तरांच्या मनगटावर रॅडो म्हणजे बैलगाडीला रेशमी झूल. गावची पोरे अण्णांना वेळ विचारीत ती वेळेसाठी नव्हे, घड्याळ पाहण्यासाठी. "मास्तर, याला किल्ली द्यावी लागत नाही म्हणतात, खरं का?" असे एका म्हाताऱ्याने विचारल्याचे मला आठवते. मी तेव्हा शाळकरी होतो आणि उत्तर देण्याचा मान अण्णांनी मला दिला होता.

रुमाल सोडून आई काही वेळ घड्याळाकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "पाडव्याला भाऊजी येणारेत. पाच वर्षांनी येताहेत. त्यांनी दिलेलं घड्याळ त्यांना बंद दिसायला नको. तू जरा बघ."

आता "जरा बघ" या दोन शब्दांत किती संकटे मावतात, हे घरोघरच्या मुलांना ठाऊक आहे. काका पुण्याला असतात, वयाने ऐंशीच्या घरात. पाडव्याला तीन आठवडे उरले होते.

मी प्रथम सरळ मार्ग धरला. मोठ्या शहरातल्या एका घड्याळांच्या दुकानात फोन केला. तिथल्या गृहस्थांनी अतिशय नम्रपणे सांगितले की अशा घड्याळाचा नुसता सेल आम्ही बदलून देत नाही. घड्याळ पुढे पाठवावे लागेल, ते उघडून साफ होईल, तेल होईल, रबरी कडी नवी बसेल, पाण्याची चाचणी होईल, आणि सहा ते आठ आठवडे लागतील. मग त्यांनी खर्चाचा अंदाज सांगितला. प्रस्तुत लेखक महाविद्यालयात मराठी शिकवितो, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे घड्याळाच्या काट्याकडे पाहून ज्यांचा पगार ठरतो अशा मंडळींपैकी तो एक. त्या अंदाजाचे मी मनातल्या मनात तासिकांत रूपांतर केले आणि फोन ठेवला. त्या गृहस्थांचे काही चुकले होते असे मला आजही वाटत नाही. का, ते पुढे येईलच. पण सेल मिळतो शे-दीडशे रुपयांच्या आत, आणि तो आपल्या हाताने बसविता येऊ नये हे मला त्या दिवशी पटले नाही.

अण्णांच्या घड्याळाला एकदम हात लावण्याइतका मी धाडसी नाही. म्हणून आधी माझ्या स्वतःच्या साध्या घड्याळावर प्रयोग केला. स्वयंपाकघरातली भाजीची सुरी घेतली, झाकणाच्या फटीत घातली आणि जोर केला. झाकण उडाले, सुरी घसरली, अंगठ्यातून रक्त आले. तरीही न डगमगता मी मुलीच्या प्रयोगाच्या पेटीतला पोलादी चिमटा घेऊन जुना सेल उपसला आणि नवा बसविला. घड्याळ मख्ख. सेल उलटा-सुलटा करून पाहिला, तरी मख्ख. घरात कोणी काही बोलले नाही. त्या न बोलण्याचा अर्थ विवाहित वाचकांना निराळा सांगावयास नको.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुंडलिकेचा पूल ओलांडून मी नव्या जालन्यात गेलो. मामा चौकाच्या अलीकडे एका कापडाच्या दुकानाच्या पायरीशी काचेची एक पेटी आहे आणि पेटीमागे एक वयस्क घड्याळजी बसतात. सारा बाजार त्यांना चाचा म्हणतो, मीही म्हणतो. डोळ्याला भिंग लावून त्यांनी माझे घड्याळ पाच सेकंद पाहिले.

"सर, कशानं उघडलं? सुरीनं?"

मी मान हलविली.

"आणि चिमटा लोखंडाचा. हे पाहा." त्यांनी भिंग माझ्या हाती दिले. यंत्राच्या एका कडेला तांब्याच्या तारेचे तांबूस वेटोळे होते. माणसाच्या केसाहून बारीक तार, हजारो वेढे. त्या वेटोळ्यावर एक ओरखडा होता. माझ्या चिमट्याचा. "एक तार तुटली की सगळं गेलं. ह्याला टाका नाही. आता मशीनच नवं टाकायचं."

"म्हणजे घड्याळ गेलं?"

"तुमचं जाऊ द्या. पण मला सांगा, कामून उघडलं? सेल बदलायचे मी साठ रुपये घेतो."

तेव्हा मी त्यांना अण्णांच्या घड्याळाची हकीकत सांगितली. ऐकून ते म्हणाले, "रॅडो आहे? मग घेऊन या. पण उघडाल तुम्ही. मी बसतो शेजारी. माझे हात आता हलतात."

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत, बाजार थंडावला की मी त्या पेटीमागे एका स्टुलावर बसून जे शिकलो ते एम. ए. च्या दोन वर्षांत शिकलो नव्हतो. आधी त्यांनी आपल्या धंद्याची कथा सांगितली. त्यांचे वडील घड्याळजी, चुलते घड्याळजी. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने 1961 साली बंगलोरला घड्याळांचा कारखाना काढला आणि 'एच. एम. टी.' घरोघर आले. 'जनता' घड्याळासाठी नंबर लावावे लागत. किल्लीचे घड्याळ दर वर्षा-दोन वर्षांनी धुवायला यावयाचेच. पेट्रोलमध्ये धुवा, तेल घाला, स्प्रिंग बदला. लग्नसराईत रात्री बारापर्यंत दिवा जळे. "आणि मग हे सेलवालं आलं," चाचा म्हणाले, आणि पुढे बराच वेळ काही बोलले नाहीत.

हे सेलवाले घड्याळ म्हणजे काय, हे मला त्याआधी नीट ठाऊक नव्हते. ठाऊक असल्याचा भास मात्र होता. क्वार्ट्झ म्हणजे स्फटिक. आपल्या मराठवाड्याच्या काळ्या खडकांत गारगोटी सापडते त्याच जातीचा, पण घड्याळासाठी कारखान्यात वाढविलेला. अशा स्फटिकावर दाब दिला तर त्यात वीज उमटते, हे झाक आणि पिएर या क्यूरी बंधूंनी 1880 साली पॅरिसला दाखविले. याच्या उलटही घडते: वीज दिली की स्फटिक कापतो, आणि हे कापणे विलक्षण नियमित असते. 1927 साली अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन यांनी या कापण्यावर चालणारे पहिले घड्याळ केले. ते काही मनगटावर बांधण्याजोगे नव्हते. मनगटावर ते आले 25 डिसेंबर 1969 रोजी, टोकिओत. सेको कंपनीच्या त्या 'अ‍ॅस्ट्रॉन' घड्याळाची किंमत होती 4,50,000 येन, म्हणजे त्या वेळी तिथे एक छोटी मोटार येई. सेलचे घड्याळ जन्मतःच श्रीमंती वस्तू होती. स्वस्त झाले ते मागाहून.

आजच्या घड्याळातला स्फटिक दोन दातांच्या चिमुकल्या काट्याच्या आकाराचा असतो आणि सेकंदाला 32,768 वेळा कापतो. हाच आकडा का, असे मी मुलीला विचारले, तेव्हा तिने वहीत तो दोनने भागीत नेला: 16,384, 8,192, 4,096... पंधराव्या भागाकाराला उरला एक. घड्याळातले सर्किट नेमके हेच करते. निम्म्याचे निम्मे करीत सेकंदाला एक ठोका उरवते. तो ठोका त्या तांब्याच्या वेटोळ्यात जातो, वेटोळे क्षणभर लोहचुंबक होते, एक बारीक चक्र अर्धा फेरा घेते आणि सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो. मी ओरखडा पाडला तो या साखळीच्या कड्यावर.

आणि हे सारे चालते किती विजेवर? मध्यम आकाराच्या सेलमध्ये सुमारे 26 मिलिअँपिअर-तास वीज असते आणि घड्याळ खाते अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास. भागाकार केला तर 26,000 तास, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे. आपले सेल सहसा दोन-तीन वर्षे टिकतात ते याच हिशेबाने. एखाद्या घड्याळात सेल घातला आणि तो सहा महिन्यांत संपला, तर दोष नेहमी सेलचाच असतो असे नाही. सेलच्या घड्याळातही दातेरी चक्रे असतात, त्यांना तेल असते, ते तेल वर्षांनी वाळते, आणि मग तेच काटे ओढावयास मशीन जास्त वीज खाते. लोक सेल बदलीत राहतात आणि दुकानदाराला शिव्या देतात. "आजाऱ्याला जेवण वाढत राहायचं, औषध द्यायचं नाही," हे चाचांचे वाक्य. दूरच्या दुकानातले ते नम्र गृहस्थ सबंध सफाईचा आग्रह धरीत होते, त्याचे कारण हे.

तर मी चाचांची कथा सांगत होतो. स्वित्झर्लंडात 1970 च्या सुमारास घड्याळांच्या धंद्यात नव्वद हजारांच्या आसपास माणसे होती. 1980 चे दशक संपता संपता त्यांतली तीस-पस्तीस हजार उरली. आपल्याकडे टाटा आणि तामिळनाडू सरकारचे औद्योगिक महामंडळ यांनी 1984 साली टायटन काढली, होसूरला कारखाना उभारला आणि सुरुवातीपासूनच भर दिला तो सेलच्या घड्याळांवर. एच. एम. टी. चा घड्याळविभाग बंद करण्याचा निर्णय 2016 साली झाला. मी ही माहिती वाचून चाचांना सांगितली, तेव्हा ते हसून म्हणाले, "स्वित्झर्लंडचं लिहितात, सर. मामा चौकाचं कोण लिहिणार? इथे सात घड्याळवाले होते. आता मी, आणि तो मोबाइलचे कव्हर विकणारा."

आता शिकण्याविषयी. मागचे झाकण तीन प्रकारचे असते. काहींना चार बारीक स्क्रू असतात. त्यांना नेमक्या मापाचा स्क्रूड्रायव्हर हवा, नाहीतर डोके झिजते आणि मग ते कोणालाच निघत नाही. काही झाकणे नुसती दाबून बसविलेली असतात. त्यांच्या कडेला भिंगाने पाहिले तर एके ठिकाणी नखाएवढी खाच दिसते, तिथेच बोथट पाते लावून पिळावयाचे, ढकलावयाचे नाही. माझी सुरी घसरली ती ढकलल्यामुळे. तिसरा प्रकार आट्यांचा, बरणीच्या झाकणासारखा फिरविण्याचा, कडेने खाचा असलेला. त्याला वेगळे हत्यार लागते. पाण्यात चालणारी महागडी घड्याळे बहुधा याच जातीची. ती घरी उघडू नयेत, असे चाचांचे मत. उघडता येत नाहीत म्हणून नव्हे, तर पुन्हा पहिल्याइतकी घट्ट बसली की नाही हे घरी तपासता येत नाही म्हणून. झाकणाखालच्या रबरी कडीला एखादा केस जरी चिकटला तरी पाणी आत जाते. आणि तबकडीवर 30 मीटर लिहिले असले म्हणजे ते घड्याळ घालून विहिरीत उडी मारावी असा त्याचा अर्थ नाही. हात धुताना उडालेले शिंतोडे सोसते, एवढेच.

झाकण निघाले की आधी पाहावयाचे, हात लावावयाचा नाही. आजकाल सर्वांच्या खिशात फोन असतो. एक फोटो काढून ठेवावा. सेलचे कोणते तोंड वर आहे, पट्टी कशी अडकली आहे, झाकणाची खाच चावीच्या कोणत्या बाजूला आहे. मग प्लॅस्टिकचा चिमटा. लोखंडी चिमट्याने सेलची दोन्ही तोंडे एकदम धरली की सेल तिथल्या तिथे रिकामा होऊ लागतो, आणि चिमटा घसरला तर काय होते ते वाचकांनी वर पाहिलेच आहे. बोटाने सेल धरू नये. घामाचा डाग राहतो आणि तिथून गंज सुरू होतो. सेल एका विशिष्ट पट्टीखाली असतो. पट्टीला स्क्रू असेल तर तो काढावा, नसेल तर पट्टी अलगद बाजूला सारावी. ताकद लागली की समजावे, आपले काहीतरी चुकते आहे.

सेलवरच्या अक्षरांकडे मी कधी लक्ष दिले नव्हते. एस. आर. 626 आणि एल. आर. 626 हे दोन्ही सेल दिसावयास जुळे भाऊ: पावणेसात मिलिमीटर रुंद, 2.6 मिलिमीटर जाड. पण एस. आर. म्हणजे आत चांदीचे ऑक्साइड, तो 1.55 व्होल्ट देतो आणि अखेरपर्यंत तसाच देत राहून मग एकाएकी संपतो. एल. आर. म्हणजे साधा अल्कलाइन, तो 1.5 व्होल्टपासून हळूहळू उतरत जातो, आणि संपल्यावर आतला क्षार बाहेर सोडण्याची खोड त्याला अधिक. तो अर्थातच स्वस्त असतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी गिऱ्हाइकाला न सांगता तोच बसवितात. वाचकांनी सेल घेताना ही दोन अक्षरे आवर्जून पाहावीत, आणि जुन्या सेलवर लिहिलेला आकडा होता तोच घ्यावा. खेळण्यात चालेल, रिमोटमध्ये चालेल, रॅडोत नाही.

इथे एक गोष्ट विषय सोडून सांगतो. घरात लहान मूल असेल तर हे सेल, नवे असोत की जुने, टेबलावर ठेवून उठू नये. रिमोटमध्ये आणि वजनकाट्यात असतो तो तीन व्होल्टचा, रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल तर फारच वाईट. मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजते. अशा वेळी केळे खाऊ घालून वाट पाहत बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

शेवटी अण्णांचे घड्याळ उघडण्याचा दिवस आला. रॅडोच्या त्या कठीण धातूच्या कवचावर इतक्या वर्षांच्या खडूच्या धुळीनेही एक ओरखडा उठविला नव्हता. (ओरखडा उठत नाही म्हणजे फुटत नाही असे मात्र नव्हे, असे कवच फरशीवर पडले तर टवका उडतो.) माझ्या नशिबाने मागचे झाकण दाबाचे होते. चाचांनी खाच दाखविली, मी पाते लावले, श्वास रोखून पिळले. टक् असा आवाज झाला.

आत पांढरट, हिरवट बुरा. सेलच्या कडेने फुटून तो पट्टीवर पसरला होता आणि तांब्याच्या वेटोळ्याच्या अगदी जवळ, मोहरीएवढ्या अंतरावर येऊन थांबला होता. सेलवर अक्षरे होती एल. आर.

कोणी बसविला असेल तो, कोण जाणे. अण्णा शेवटच्या वर्षी दवाखान्याच्या फेऱ्यांत कुठल्या तरी दुकानात थांबले असतील. पण सेल गळला तो त्या दुकानात नव्हे. गळला तो आमच्या कपाटात. आठ वर्षे आम्ही ते घड्याळ रुमालात बांधून, डब्यात घालून, डबा कपाटात ठेवून आठवण म्हणून जपले, आणि आत मेलेला सेल सावकाश यंत्र खात बसला होता. अण्णा गेले त्या आठवड्यात कोणी तो सेल नुसता काढून ठेवला असता, नवा घातला नसता तरी, तरी यंत्राला काही झाले नसते. मी चाचांना तसे म्हणालो. ते म्हणाले, "घरोघरी हेच असतं, सर. माणूस गेल्यावर घड्याळ उघडायला कुणाचा हात धजत नाही."

सेल संपत आल्याची सूचना पुष्कळ घड्याळे स्वतः देतात. सेकंदकाटा एकेका घराऐवजी दोन-दोन किंवा चार-चार घरांच्या उड्या मारू लागतो. लोकांना वाटते घड्याळ बिघडले, ते काढून ठेवतात आणि विसरतात. काहीजण चावी ओढून ठेवतात. त्याने सेलची वीज वाचते हे खरे, पण सेल गळण्याचे थांबत नाही.

सफाई चाचांनी केली. त्या बाबतीत त्यांनी मला हात लावू दिला नाही. क्षार उतरविण्यासाठी लिंबाचा रस लाकडी काडीच्या टोकाला, थेंबही नाही, नुसता ओलावा, मग कोरडी काडी, मग स्पिरिट, आणि प्रत्येक वेळी वेटोळ्यापासून दूर जाणारा फटकारा. त्यांचे हात खरेच हलत होते, पण काडी पट्टीला टेकली की थांबत. अर्धा तास लागला. मग त्यांनी मीटर लावून वेटोळे तपासले आणि मान डोलावली. तार शाबूत होती.

एस. आर. सेल मी बसविला. काटा हलला, सात सेकंद चालला आणि थांबला. झटका दिला, पुन्हा सात-आठ सेकंद. "तेल वाळलं," चाचा म्हणाले. "ठेवून जा. हे तुमच्या हातचं नाही, आणि एका रात्रीचं माझ्याही नाही." तीन दिवसांनी गेलो तेव्हा मशीन धुऊन, तेल होऊन, काचेच्या वाटीखाली चालत होते. झाकणाची रबरी कडी नवी होती, तिच्यावर नखभर चिकट तेल. झाकण मी बसविले: खाच चावीच्या बाजूला धरून, काचेखाली मऊ कापड ठेवून, दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब. एकाच बाजूने दाबले तर काच तडकते. पुन्हा तोच टक् आवाज. चाचांनी सातशे रुपये सांगितले. मी हजार पुढे केले; त्यांनी तीनशे परत दिले आणि म्हणाले, "शिकवणीचे पैसे नाही घेत. तुम्ही घेता का?" मी तासिका तत्त्वाविषयी काही बोललो नाही.

फोनशी वेळ जुळवून घड्याळ मी आईच्या हाती दिले. तिने ते कानाला लावले. "वाजत नाही रे." किल्लीच्या घड्याळासारखे ते टिकटिकत नाही, अगदी शांततेत ऐकले तर सेकंदाला एक बारीक ठोका येतो. मी तिला काटा दाखविला. मग ती ते घेऊन आत देवघरात गेली.

पाडव्याला काका आले. ओवाळणे, फराळ, चिवडा फार तिखट झाला की नाही याविषयी चर्चा, असे सगळे झाल्यावर आईने घड्याळ त्यांच्यापुढे ठेवले. काकांनी ते मनगटावर धरून पाहिले, पण बांधले नाही.

"वहिनी, तुम्ही सगळ्यांना सांगता की हे मी अण्णांना भेट दिलं," काका म्हणाले. "भेट कसली? मला मस्कतला पाठवायला तुमच्या पाटल्या मोडल्या होत्या. तीन वर्षांनी ते पैसे घेऊन मी आलो, तर अण्णा म्हणाले, घरातल्या घरात कसलं कर्ज. घेईचनात. मग परत जाऊन पुढल्या खेपेला त्याच पैशांचं हे आणलं. तर सहा महिने त्यांनी मनगटाला बांधलंच नाही. मला पत्रात लिहिलं, शाळेत लाज वाटते म्हणून."

आई म्हणाली, "बांधलं नाही हे खरं. पण रोज रात्री उशाशी घेऊन झोपायचे." मला यातले काहीच ठाऊक नव्हते. मी 1989 साली घड्याळाला किल्ली का लागत नाही एवढेच शिकलो होतो.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी आपल्या पिशवीतून चष्म्याचे एक जुने घर काढले, आणि त्यातून एक घड्याळ. तेही मस्कतचेच, अण्णांच्या घड्याळाच्या बरोबरीने घेतलेले. "दोन वर्षं झाली बंद पडून. मुलगा म्हणतो, नवीन घ्या. तू आता शिकला आहेस म्हणे. हे उघड."

मी ते उलटे केले. मागचे झाकण आट्यांचे होते, कडेने सहा खाचा.

"काका, हे माझ्या हातचं नाही," मी म्हणालो. "चाचांकडे न्यावं लागेल. पण आज बाजार बंद आहे. ते परवा बसतील."

"माझं तिकीट उद्याचं आहे."

"आत सेल किती दिवसांचा आहे, काका?"

"म्हटलं ना, दोन वर्षं बंद आहे. सेल त्याच्याही आधीचा."

आई स्वयंपाकघराकडे निघाली होती. ती दारातून मागे वळली आणि मला म्हणाली, "भाऊजींचं तिकीट पुढचं काढ."